फोनवरची ऑर्डर, छापून पडलेले खोके आणि अडकलेले पैसे

वाचकाचे पत्र: आमचे नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत कोरुगेटेड खोक्यांचे छोटे युनिट आहे. मी, माझे पती आणि दीर अशी भागीदारी आहे, भागीदारीपत्र नोटरी केलेले आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) २०२१ पासून आहे. द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसला आम्ही सलग तिसऱ्या वर्षी खोके देत होतो. १२ डिसेंबरला मालकांनी फोनवर २०,००० खोक्यांची ऑर्डर दिली. दर ३८ रुपये, जीएसटी वेगळा, पोहोच आमची. त्याच संध्याकाळी मी हे सगळे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले, त्यावर त्यांचा नुसता अंगठा आला. चार दिवसांनी बँकेतून एक लाख ॲडव्हान्स आला. डिझाइन बघून त्यांच्या मॅनेजरने ‘ओके, प्रिंटला घ्या’ असे लिहिले. १४ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात पाच गाड्यांत १२,४०० खोके पोहोचवले. ३ मार्चला मालकांचा फोन आला: उरलेले नकोत. आता दिलेल्या मालाचेही पैसे थांबवलेत. खोके मऊ होते म्हणतात आणि वर विचारतात, ‘लेखी कुठे काय आहे?’ ७,६०० खोके त्यांच्या ब्रँडसकट छापून गोडाउनमध्ये पडलेत. कोणी म्हणते पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, कोणी म्हणते मॅनेजरला हाताशी धरून मागच्या तारखेची पर्चेस ऑर्डर करून घ्या. आम्ही काय करावे?

ताई,

तुमच्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. लेखी लागतच नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १० नुसार दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, कायदेशीर कामासाठी, मोबदला ठरवून केलेला व्यवहार म्हणजे करार, मग तो कागदावर असो वा नसो. मालाच्या खरेदी-विक्रीसाठी माल विक्री कायदा, १९३० आहे आणि त्याचे कलम ५ त्याहून स्पष्ट बोलते: विक्रीचा करार लेखी होऊ शकतो, तोंडी होऊ शकतो, थोडा लेखी थोडा तोंडी होऊ शकतो, नुसत्या वागण्यातूनही होऊ शकतो. तुमचा व्यवहार ‘थोडा लेखी थोडा तोंडी’ या प्रकारात अगदी बसतो. त्यामुळे हक्क तुमच्याकडे आहे. तो शाबीत करायचा भार मात्र तुमच्यावर आहे, आणि पुढचे सगळे त्याच शाबितीबद्दल आहे. दिवाणी दाव्यात शंभर टक्के पुरावा लागत नाही. दोघांपैकी कोणाची हकिगत जास्त संभवनीय वाटते, एवढेच न्यायालय बघते.

मागच्या तारखेची पर्चेस ऑर्डर कोणत्याही परिस्थितीत करू नका. तो बनावट दस्तऐवज होतो, फौजदारी गुन्हा होतो. शिवाय तुमचा आजचा खरा पुरावा चांगला आहे, त्यात एक खोटा कागद मिसळला की उरलेल्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. मॅनेजर उद्या साक्षीला उभा राहिला आणि सही कधी केली हे त्याला विचारले, तर सगळे तिथेच कोसळेल.

पोलिसांत जाण्याचाही उपयोग नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी व्यवहार करतानाच समोरच्याची नियत खोटी होती हे दाखवावे लागते. नंतर पैसे बुडवणे हा करारभंग आहे, ती फसवणूक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावले आहे. तुमच्या गिऱ्हाइकाने एक लाख ॲडव्हान्स दिला, दोन हंगाम व्यवहार नीट केला. ‘सुरुवातीपासून फसवायचे होते’ हे इथे पटवता येणार नाही, आणि त्यात महिने मात्र निघून जातील.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. पत्रातले एक वाक्य वाचून आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटली: ‘भागीदारीपत्र नोटरी केलेले आहे.’ नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६९ नुसार भागीदारी संस्था निबंधकांकडे पेढीची नोंदणी झालेली नसेल, तर त्या पेढीला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. करार तोंडी असो की पाचशेच्या स्टॅम्पवर, फरक पडत नाही. दावा लावल्यानंतर नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. मात्र दावा लावण्याच्या आधी नोंदणी झाली, तर व्यवहार नोंदणीपूर्वीचा असला तरी चालतो. दावा लावण्याच्या तारखेला पेढी नोंदलेली असावी आणि तिघांचीही नावे निबंधकांच्या नोंदवहीत असावीत, एवढे कायद्याला पुरते. म्हणून सीएला आजच विचारा. नोंदणी नसेल तर बाकी तयारी चालू असतानाच अर्ज टाका. उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, दुकाने कायद्याखालची नोंद, यांपैकी कशानेही ही उणीव भरून निघत नाही.

तुमच्या मागणीचे दोन भाग आहेत. ते मनात वेगळे ठेवा, कारण दोन्हींचा कायदा वेगळा आणि ताकदही वेगळी.

पहिला भाग दिलेल्या मालाचा. १२,४०० गुणिले ३८ म्हणजे ४,७१,२००, त्यातून एक लाख वजा, बाकी ३,७१,२०० आणि जीएसटी. इथे तुमची बाजू भक्कम आहे. माल गेला, त्यांनी घेतला, द्राक्षे भरून पाठवली. ‘खोके मऊ होते’ या तक्रारीला माल विक्री कायद्याचे कलम ४२ आडवे येते. गिऱ्हाइकाने माल वापरला, किंवा वाजवी वेळेत नाकारल्याचे न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. माल स्वीकारल्यावर दोषाबद्दल नुकसानभरपाई मागता येते, सरसकट सगळी किंमत अडवता येत नाही, आणि दोष त्यांना सिद्ध करावा लागतो. २० फेब्रुवारीपूर्वी त्यांनी मऊपणाबद्दल एक तरी मेसेज पाठवला होता का, हे सगळी चॅट वर-खाली करून तपासा. पाठवला नसेल तर ही तक्रार पैसे मागितल्यावर सुचली, हे तारखाच सांगतील. तुमच्याकडे कागदाच्या रोलची बिले असतील, त्यांवर जीएसएम (कागदाचे वजन) आणि बर्स्टिंग फॅक्टर (कागदाची ताकद) असतो, ती बाजूला काढा. त्या लॉटचे चार-पाच खोके राखून ठेवा, म्हणजे वेळ आली तर प्रयोगशाळेत तपासता येतील.

लेखी नसल्याचा इथे तुम्हाला उलट फायदा आहे, आणि तो बहुतेक लघुउद्योजकांना माहीत नसतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाला पैसे कधी द्यायचे, ते लेखी ठरले असेल तर त्या तारखेला, पण कमाल ४५ दिवसांत. लेखी ठरलेच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस संपले की पैसे देय होतात. पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचण्याचा दिवस हाच स्वीकारण्याचा दिवस धरतात. म्हणजे ‘हंगाम संपल्यावर बघू’ ही तोंडी उधारी या कायद्यापुढे टिकत नाही. तुमच्या पाचही गाड्यांची मुदत केव्हाच उलटली आहे. त्यापुढे कलम १६ चे व्याज सुरू होते: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. ३,७१,२०० वर पहिल्याच महिन्याचे व्याज सुमारे ५,१०० रुपये होते. आयकरातही अशा पुरवठादाराला मुदतीत पैसे न दिलेला खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. जीएसटीत १८० दिवसांत बिल न भागवल्यास घेतलेले क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासह परत करावे लागते. नोटिशीत या दोन्ही गोष्टी लिहा. मालक वाचून सोडून देतील, पण त्यांचा सीए सोडणार नाही.

दुसरा भाग गोडाउनमधल्या ७,६०० खोक्यांचा. इथे घासाघीस होणार, आणि त्यांची मुख्य ढाल असेल: ‘वीस हजार पक्के ठरलेच नव्हते, लागतील तसे घेऊ म्हणालो होतो.’ बांधीव संख्या नसेल तर उरलेल्या मालाचा दावा ढिला पडतो. म्हणून २०,००० हा आकडा पक्का होता, हे दाखवणारे सगळे एका जागी आणा. १२ डिसेंबरचा तुमचा मेसेज आणि त्यावरचा अंगठा. (कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ मध्ये जवसाच्या खरेदीत एका न्यायालयाने अशा अंगठ्याला होकार मानले आणि शेतकऱ्याला ८२ हजार डॉलर भरायला लावले. तो निकाल इथे बंधनकारक नाही. आपल्याकडे अंगठा एकटा पुरेसा धरू नका, त्याच्या मागेपुढे काय घडले ते महत्त्वाचे.) मागेपुढे काय घडले? चार दिवसांत ॲडव्हान्स आला, आणि तुम्ही स्टिरिओ (छपाईचा ठसा) करून घेण्याआधी मॅनेजरने डिझाइन मंजूर केले. स्टिरिओचे बिल, त्यांच्या ब्रँडच्या छपाईची तारीख, २०,००० च्या हिशेबाने घेतलेल्या क्राफ्ट पेपरची बिले, सगळे जोडा. आणि आधीचे दोन हंगाम: तेव्हाही ऑर्डर फोनवर आली होती का, सांगितलेली संख्या पूर्ण उचलली होती का? तसे असेल तर या दोघांत फोनवरचा आकडा पक्काच धरला जात होता, हे दिसते. वहिवाटीचा हा पुरावा वकील अनेकदा विसरतात, तुम्ही आठवण करून द्या.

मॅनेजरला अधिकार नव्हता, असेही म्हणतील. पण ऑर्डर मालकांची होती, आणि मालकांनी ज्याला तुमच्याशी बोलायला पुढे केले त्याचे शब्द करार कायद्यानुसार मालकांना बांधतात.

या खोक्यांची भरपाई २,८८,८०० नव्हे. करार कायद्याचे कलम ७३ प्रत्यक्ष झालेले नुकसान देते आणि ते कमी करण्याचा तुम्ही प्रयत्न केला का, हेही विचारते. हिशेब असा मांडा. समजा एक खोके ४०० ग्रॅमचे, तर ७,६०० खोक्यांचे ३,०४० किलो वजन. रद्दीचा भाव किलोला १२ रुपये मिळाला तर ३६,४८० हाती येतील. पोहोच तुमची होती, म्हणजे वाचलेल्या तीन गाड्यांचे भाडे, समजा १०,५००, तेही वजा. उरले २,४१,८२०. हा आकडा घेऊन गेलात तर मध्यस्थ आणि न्यायाधीश तुमच्याकडे हिशेबी माणूस म्हणून बघतील. पूर्ण २,८८,८०० मागितलेत तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात रद्दीची किंमत विचारेल.

पण खोके आज रद्दीत घालू नका. आधी लेखी सूचना द्या: ‘७,६०० खोके ठरल्याप्रमाणे तयार आहेत. या पत्रापासून १० दिवसांत पैसे देऊन उचला. न उचलल्यास आम्ही ते विकू आणि तूट तुमच्याकडून वसूल करू.’ माल विक्री कायद्याच्या कलम ५४ मध्ये ही सूचना महत्त्वाची आहे. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याने सूचना न देता माल दुसऱ्याला विकला, तर त्याला तूट मागता येत नाही. दहा दिवस गेले की खोक्यांचे बंडल मोजून फोटो काढा, तारीख दिसेल असे, आणि दोन त्रयस्थ शेजाऱ्यांच्या सह्यांनी मोजणीचा कागद करा. तीन रद्दीवाल्यांकडून लेखी भाव घ्या, वजनकाट्याची पावती ठेवा, विक्री बिलाने करा आणि पैसे बँकेत घ्या. खोक्यांवर दुसऱ्याचा ब्रँड आहे, ते तसेच्या तसे कुणा द्राक्षवाल्याला विकलेत तर ट्रेडमार्कचा उलटा खटला तुमच्यावर येईल. ब्रँडचा भाग कापून, खोके निकामी करूनच द्या. हे सगळे पावसाळ्याच्या आत उरका. दमट हवेत कोरुगेटेड खोके ओल धरतात, मऊ पडतात, आणि मग ‘बघा, मऊच होते’ म्हणायला त्यांना तुमच्याच गोडाउनमध्ये पुरावा मिळेल.

आता फोनबद्दल, कारण तुमचा अर्धा खटला तुमच्या हँडसेटमध्ये आहे. तो फोन विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका, रिसेट करू नका. चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर बंद करा. चॅट फोटोंसह एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर, दोन ठिकाणी ठेवा. नुसते स्क्रीनशॉट छापून दिले तर समोरचा हरकत घेणार, आणि ती हरकत खरी ठरू शकते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितले की, मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवेच. तो नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: अ भाग तुम्ही, म्हणजे फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने द्यायचा, ब भाग तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहायची असते. ही एका अर्थी फाइलचा बोटाचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ती बदलते, म्हणून ती आधी काढून ठेवा आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नका. तुमच्या टॅलीतला लेजर छापून दिलात तर तीही इलेक्ट्रॉनिक नोंद, तिलाही हेच लागते.

फोनवरचे बोलणे रेकॉर्ड झाले असेल तर तेही जपा. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या निकालानुसार आपल्याकडे ध्वनिमुद्रण पुराव्यात चालते. आवाज ओळखता आला पाहिजे, विषयाशी संबंध पाहिजे आणि फेरफार झालेला नसावा. नवा फोन करून त्यांना बोलण्यात अडकवण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्यापेक्षा साधा मेसेज करा: ‘सोबत १४ जानेवारी ते २० फेब्रुवारीचा उतारा पाठवत आहे. पाच गाड्या, १२,४०० खोके, जमा एक लाख. तपासून फरक असल्यास कळवा.’ ते ‘थोडे थांबा, हंगामाचे पैसे आले की देतो’ असे काही लिहितील तर येणे मान्य झाले.

गाडीसोबत गेलेल्या डिलिव्हरी चलनांवरच्या सह्या बघा. अशा चलनांवर बहुतेक वेळा गेटवरच्या माणसाची एका अक्षराची सही असते, शिक्का नसतो. पाचही चलने समोर ठेवून प्रत्येकावर कोणी सही केली, त्याचे नाव आणि त्या दिवशीचा तुमचा ड्रायव्हर कोण, हे आज आठवते तोवर वेगळ्या कागदावर लिहून काढा. चलनावर मात्र आता पेन टेकवू नका. ड्रायव्हर हा साक्षीदार आहे. गाडीभाड्याची पावती आणि ई-वे बिल काढले असेल तर तेही जोडा. त्यांनी तुमच्या बिलांवर जीएसटी क्रेडिट घेतले असेल, तर माल आलाच नाही म्हणायची सोय त्यांना उरत नाही. दाव्यात त्यांची विवरणपत्रे आणि गेटचे आवक रजिस्टर हजर करायला लावता येते. एवढी जुळवाजुळव सांगण्याचे कारण हे, की फक्त आपल्या वहीतल्या नोंदी दाखवून कोणावर देणे लादता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ तसे थेट म्हणते. वहीला बाहेरचा आधार हवा, आणि तुमच्याकडे तो बँक, वाहतूक आणि मेसेज असा तीन बाजूंनी आहे.

यानंतर वकिलामार्फत नोटीस, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. बिलावरचे नाव नीट बघा: मालक एकटा आहे, भागीदारी आहे की कंपनी? नोटीस आणि दावा त्याच नावाने. नोटिशीत दोन्ही भागांचे आकडे वेगळे मांडा.

पुढे दोन रस्ते आहेत. पहिला, सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद. अर्ज ऑनलाइन करता येतो, अडचण आल्यास जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त धरून चला. पण निवाडा तुमच्या बाजूने लागला तर खरेदीदाराला त्याविरुद्ध न्यायालयात जाण्याआधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात, हे या रस्त्याचे मोठे बळ. तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधीची आहे, त्यामुळे दार उघडे आहे. नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना हा लाभ नाही. अडचण एकच: परिषद पुरवलेल्या मालाच्या पैशांसाठी आहे, न उचललेल्या खोक्यांच्या भरपाईवर तिथे वाद होईल.

दुसरा रस्ता व्यापारी न्यायालयाचा. तुमची एकूण मागणी ३,७१,२०० अधिक २,४१,८२०, म्हणजे ६,१३,०२०. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद असल्याने आणि तातडीचा मनाई हुकूम नको असल्याने दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, फी एक हजार रुपये, मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि मग दावा लावता येतो. मध्यस्थी टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. साध्या तोंडी व्यवहाराला झटपट निकालाचा समरी दावा मिळत नाही, तो लेखी करारासाठी असतो. सही-शिक्क्याने स्वीकारलेल्या बिलांना लेखी करार मानल्याचे निकाल आहेत, तुमची बिले त्यात बसतात का ते वकिलाला दाखवा.

रस्ता निवडताना एक खड्डा आहे. एकाच व्यवहारातून निघालेल्या दोन मागण्यांपैकी एकच दाव्यात घातली तर सोडलेली नंतर मागता येत नाही (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २, नियम २). म्हणून परिषदेत काय न्यायचे आणि न्यायालयात काय, हे वकिलासोबत एकाच बैठकीत ठरवा, तुकड्यातुकड्याने नको. आमचे मत विचाराल तर आधी मध्यस्थीत बसा. दिलेल्या मालाची मुद्दल पूर्ण घ्या, तिच्यात सूट नाही. व्याज आणि ७,६०० खोक्यांच्या भरपाईत थोडे मागे-पुढे होण्याची तयारी ठेवा. पैसे हप्त्याने ठरले तर तडजोड लिहून, सह्या करून चेक घ्या. चेक परतला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग त्यांना १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एक महिन्यात फौजदारी तक्रार. या तारखा कॅलेंडरवर लिहा.

मुदतीचे भान ठेवा. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर मालाच्या किमतीचा दावा माल पोहोचल्यापासून तीन वर्षांत, आणि प्रत्येक गाडीची तीन वर्षे वेगळी मोजली जातात. मुदत संपण्याआधी त्यांनी सहीनिशी येणे कबूल केले, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. तोंडी ‘देतो, देतो’ ने मुदत वाढत नाही.

हे वाचून सगळेच तोंडी चालते असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. वाद लवादाकडे नेण्याचे कलम लेखीच हवे. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर सही लागते. सरकारी खात्याच्या साहेबाने तोंडी सांगितलेले जादा काम तर कधीच अंगावर घेऊ नये, राज्यघटनेच्या कलम २९९ मुळे तो करारच होत नाही, आणि मग ठेकेदाराला केलेल्या कामाचा मोबदला करार कायद्याच्या कलम ७० खाली झगडून मागावा लागतो.

पुढच्या हंगामात ऑर्डर फोनवरच येईल, पॅकहाउसवाले बदलणार नाहीत. फोन ठेवल्यावर हा मेसेज पाठवा आणि ‘मान्य’ हा शब्द आल्याशिवाय स्टिरिओ करायला देऊ नका: ‘आजच्या बोलण्याप्रमाणे: पाच प्लाय, अमुक मापाचे, अमुक जीएसएमचे २०,००० खोके. संख्या पक्की. दर ३८ अधिक जीएसटी, पोहोच आमची. पहिली गाडी १४ जानेवारी, शेवटची ३१ मार्च. पैसे प्रत्येक गाडीनंतर १५ दिवसांत. मालाबद्दल तक्रार पोहोचल्यापासून ३ दिवसांत, फोटोसह. तुमच्या ब्रँडचे छापून झालेले खोके न उचलल्यास पूर्ण दर, रद्दीचे पैसे वजा करून. माल कोण उतरवून घेणार त्याचे नाव कळवा. हे मान्य असल्यास “मान्य” लिहा.’ ॲडव्हान्सही ठरवताना छपाईचा आणि कागदाचा खर्च निघेल एवढा घ्या, आणि बँकेतूनच. दोन लाख किंवा त्यावर रोख घेण्यास आयकर कायद्याची बंदी आहे, आणि तसा रोखीचा उल्लेख दाव्यात आला तर न्यायालयाने आयकर खात्याला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे.

या आठवड्यात तीन कामे: पेढीच्या नोंदणीची चौकशी, फोनमधल्या चॅटची प्रत आणि खोके उचलण्याची दहा दिवसांची सूचना. वकिलाकडे जाताना पाचही चलने मूळ प्रतींसह न्या, झेरॉक्स नको.